अल्झायमरची जनुकीय जोखीम आणि मेंदूतील संरक्षक पेशी

(तिलवारा, जबलपूर येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मकर संक्रांतीला तिलवारा घाटावर मोठी जत्रा भरते. नर्मदेत स्नान करून भाविक परततात. मागे उरते ते निर्माल्य, द्रोण, पणत्या आणि तेलाचे ओघळ. दुसऱ्या दिवशी सफाई कामगार हा कचरा उचलतात, म्हणून घाट पुन्हा वापरण्याजोगा होतो. कामगार वेळेवर आले नाहीत, किंवा उचललेला कचरा टाकण्याची सोय नसली, तर घाटाची अवस्था काय होईल हे सांगावयास नको. मानवी मेंदूतही रोज असाच कचरा निर्माण होतो आणि तो उचलणाऱ्या पेशी तेथे अहोरात्र काम करतात. अल्झायमर या आजाराची जनुकीय जोखीम बऱ्याच अंशी या सफाई करणाऱ्या पेशींच्या मार्फत कार्य करते, असे गेल्या सुमारे पंधरा वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

तिलवारा परिसरात या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. जबलपूरच्या नागपूर मार्गावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था आहे. १९८४ मध्ये जनजातींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. सिकलसेल हा तिच्या संशोधनाचा एक प्रमुख विषय राहिला आहे. महाकोशल, विदर्भ आणि छत्तीसगड या पट्ट्यात आनुवंशिक आजार म्हटले की सिकलसेलचेच नाव प्रथम पुढे येते. त्यामुळे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. रक्ताच्या तपासणीने सिकलसेल ओळखता येतो, तसा अल्झायमरही आधीच ओळखता येईल काय? आणि येत असल्यास सर्वांची तशी तपासणी करावी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन आजारांतील मूलभूत फरक स्पष्ट होतो.

एका घटकाचा बदल, दोन वेगळे परिणाम

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे ॲमिनो आम्ल येते. एवढ्या एका बदलाने लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये यास रेणूचा आजार असे संबोधले होते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. येथे जनुक आणि आजार यांचा संबंध थेट आहे. त्यामुळेच १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणीनंतर विवाहपूर्व समुपदेशन करता येते आणि रुग्णावर वेळेवर उपचार सुरू करता येतात.

अल्झायमरच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे जोखमीचे जनुक म्हणजे एकोणिसाव्या गुणसूत्रावरील 'एपीओई'. मेदाची वाहतूक करणारे अपोलिपोप्रोटीन-ई हे प्रथिन या जनुकापासून तयार होते. त्यात २९९ ॲमिनो आम्ले असतात आणि त्याचे ई-२, ई-३ व ई-४ असे तीन प्रमुख प्रकार आहेत. ई-३ हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. ई-४ मध्ये ११२ व्या स्थानी सिस्टीनऐवजी आर्जिनिन असते. म्हणजे येथेही बदल एकाच घटकाचा आहे. परंतु परिणाम मात्र वेगळा आहे. युरोपीय वंशाच्या लोकांतील अभ्यासांनुसार ई-४ ची एक प्रत असणाऱ्यांत अल्झायमरची शक्यता सुमारे तिप्पट, तर दोन प्रती असणाऱ्यांत सुमारे आठ ते बारा पट वाढते. तरीही एक प्रत असलेल्या अनेकांना आयुष्यभर हा आजार होत नाही आणि ई-४ नसलेल्या अनेकांना तो होतो. पहिल्या प्रकारात जनुक आजार ठरवते. दुसऱ्यात ते केवळ पारडे झुकवते.

आजाराची ओळख

जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत एका रुग्ण स्त्रीची हकिकत मांडली. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या या स्त्रीची स्मृती व भाषा ढासळत गेली होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीत दोन गोष्टी आढळल्या. चेतापेशींच्या बाहेर चिकट पदार्थाचे साठे होते आणि चेतापेशींच्या आत तंतूंच्या गाठी होत्या. हे साठे अमायलॉइड-बीटा या प्रथिनाच्या तुकड्यांचे आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या असल्याचे पुढे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले.

तिसरे निरीक्षण मात्र फारसे कोणी लक्षात ठेवले नाही. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींमध्ये मेदाचे साठे दिसतात, असे अल्झायमर यांनी १९०७ च्या लेखात नमूद केले होते. सुमारे शंभर वर्षे हा उल्लेख दुर्लक्षित राहिला. संशोधनाचा भर साठे व गाठी यांवरच होता. हे दुर्लक्ष महागात पडले, असे आज मागे वळून पाहताना म्हणता येते.

मायक्रोग्लिया : पहारा आणि सफाई

मेंदूच्या संरक्षक पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींचे स्वतंत्र वर्णन केले. मेंदूतील एकूण पेशींत त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते. चेतापेशींपेक्षा त्यांचा उगम वेगळा आहे. भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत पीतककोशात तयार होऊन त्या मेंदूत येतात आणि तेथेच स्वतःची संख्या टिकवून धरतात. हा उगम २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध झाला.

या पेशींची कामे तीन आहेत. पहिले काम पहाऱ्याचे. त्यांच्या बारीक शाखा सभोवतालचा भाग सतत चाचपत असतात. दुसरे काम सफाईचे. मृत पेशी, तुटलेले मेदावरण आणि अमायलॉइडचे तुकडे त्या गिळून पचवतात. तिसरे काम छाटणीचे. बालवयात मेंदूत गरजेपेक्षा अधिक चेतासंधी तयार होतात. त्यांपैकी अनावश्यक संधी मायक्रोग्लिया काढून टाकतात. बागेतील छाटणीने झाड सुदृढ होते, तसेच हे आहे. मात्र हीच छाटणी म्हातारपणी अवेळी सुरू झाली, तर चांगल्या संधीही नष्ट होतात. अमायलॉइडच्या प्रभावाखाली असे घडू शकते, हे २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

जनुकांनी दाखवलेली दिशा

अल्झायमरच्या जनुकीय कारणांचे दोन गट पाडावे लागतात. पहिल्या गटात एपीपी, प्रेसेनिलिन-१ व प्रेसेनिलिन-२ ही जनुके येतात. त्यांतील विशिष्ट बदलांमुळे आजार बहुधा ६५ वर्षांपूर्वीच सुरू होतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. अशा रुग्णांचे प्रमाण एकूण रुग्णांच्या सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. दुसरा गट जोखीम वाढवणाऱ्या जनुकांचा असून बहुसंख्य रुग्णांचा संबंध याच गटाशी येतो. एपीओई-४ चा अल्झायमरशी असलेला संबंध १९९३ मध्ये उघड झाला.

मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर हजारो रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या जनुकसंचांची तुलना करणे शक्य झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात जोखमीशी निगडित ७५ जनुकीय स्थाने आढळली. त्यांपैकी ४२ नवी होती. ही जनुके कोणत्या पेशींत कार्यरत असतात, याचा शोध घेतल्यावर अनेकांचा निर्देश मायक्रोग्लियाकडेच झाला. आजाराने चेतापेशी मरतात हे खरे. परंतु आजार होणार की नाही, हे ठरवण्यात त्यांच्या शेजारच्या संरक्षक पेशींचा वाटा मोठा असतो, हे यातून पुढे आले.

एपीओई-४ : न पचलेला मेद

मेंदूत एपीओई हे प्रथिन मुख्यत्वे ॲस्ट्रोसाइट या पेशी तयार करतात. मायक्रोग्लिया सामान्य स्थितीत ते फारसे बनवत नाहीत. आजाराच्या काळात मात्र त्यांतील त्याची निर्मिती पुष्कळ वाढते. गिळलेल्या कचऱ्यात मेद व कोलेस्टेरॉल बरेच असते. ते पेशीबाहेर काढण्यासाठी एपीओई वाहनासारखे उपयोगी पडते. ई-४ प्रकारचे वाहन हे काम कमी कार्यक्षमतेने करते. परिणामी मेद पेशीतच साचतो.

२०२४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा पुरावा 'नेचर' या नियतकालिकात मांडला. ई-४ च्या दोन प्रती असलेल्या अल्झायमर रुग्णांच्या मेंदूंत मेदाच्या थेंबांनी भरलेल्या मायक्रोग्लिया विशेषत्वाने अधिक आढळल्या. प्रयोगशाळेत मानवी मूलपेशींपासून तयार केलेल्या मायक्रोग्लियांना अमायलॉइडच्या संपर्कात आणले असता तशाच पेशी तयार झाल्या. त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे चेतापेशींतील टाऊ प्रथिनात आजारासारखे बदल घडले. १९०७ मधील ते दुर्लक्षित निरीक्षण अशा रीतीने पुन्हा केंद्रस्थानी आले. घाटाच्या भाषेत सांगावयाचे तर कामगार कचरा उचलतो आहे, पण त्याची गाडी रिकामीच होत नाही. थकलेला कामगार काम तर थांबवतोच, शिवाय भोवतालच्यांनाही त्रास देऊ लागतो.

ट्रेम-२ : न ऐकलेली हाक

दुसरे महत्त्वाचे जनुक सहाव्या गुणसूत्रावरील ट्रेम-२ होय. मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावर असणारा हा ग्राही मेद, एपीओई व अमायलॉइड यांना ओळखतो आणि पेशीला कामावर जाण्याचा संदेश देतो. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की, ४७ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन आल्यास अल्झायमरची जोखीम सुमारे दोन ते चार पट होते. येथेही बदल एकाच ॲमिनो आम्लाचा आहे. मात्र हा प्रकार दुर्मीळ असून युरोपीय लोकसंख्येतही तो एक टक्क्याहून कमी लोकांत असतो.

२०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी उंदरांमध्ये मायक्रोग्लियाची एक विशेष अवस्था शोधली. अमायलॉइडच्या साठ्यांभोवती जमणाऱ्या या पेशी दोन टप्प्यांत तयार होतात आणि दुसऱ्या टप्प्यासाठी ट्रेम-२ आवश्यक असतो. तो सदोष असल्यास पेशी साठ्याभोवती कडे करत नाहीत. साठा विस्कळीत राहतो आणि लगतच्या चेतातंतूंची अधिक हानी होते. ट्रेम-२ च्या दोन्ही प्रती निकामी झाल्यास नासू-हाकोला हा अतिदुर्मीळ आजार होतो. त्यात ऐन तारुण्यात हाडांचे विकार व पुढे स्मृतिभ्रंश दिसतो. संरक्षक पेशीतील एका ग्राहीचे मेंदूसाठी किती महत्त्व आहे, याचा हा निसर्गानेच दिलेला पुरावा होय.

काही जनुकीय बदल संरक्षणही देतात. मायक्रोग्लियात कार्यरत असलेल्या पीएलसीजी-२ या जनुकाचा एक प्रकार जोखीम कमी करतो, हे २०१७ मध्ये दिसून आले. कोलंबियातील एका कुटुंबात प्रेसेनिलिन-१ च्या बदलामुळे चाळिशीतच आजार सुरू होत असे. त्याच कुटुंबातील एका स्त्रीला मात्र सत्तरीपर्यंत मोठा त्रास झाला नाही. तिच्यात एपीओईचा 'क्राइस्टचर्च' नावाचा दुर्मीळ प्रकार दोन प्रतींत होता, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या मेंदूत अमायलॉइड विपुल होते, पण टाऊचा प्रसार मर्यादित राहिला होता.

भारतातील चित्र

जोखमीचे आकडे एका समाजातून दुसऱ्या समाजात जसेच्या तसे नेता येत नाहीत. ई-४ चा परिणाम आफ्रिकी वंशाच्या लोकांत तुलनेने सौम्य, तर जपानी लोकांत अधिक तीव्र आढळला आहे. बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासी समाजात २०१७ च्या एका अभ्यासात, परोपजीवी जंतूंचा भार मोठा असलेल्या ई-४ धारकांची बौद्धिक क्षमता उलट चांगली आढळली. सिकलसेलचे वाहक मलेरियापासून काही अंशी सुरक्षित असतात, हे येथे आठवावे. जनुकाचा परिणाम परिस्थितीनुसार बदलतो.

भारतात हरयाणातील बल्लभगड येथे झालेला भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९९८ च्या अहवालानुसार तेथील ६५ वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमरचे प्रमाण केवळ १.०७ टक्के होते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील निष्कर्षानुसार ई-४ ची वारंवारता बल्लभगडमध्ये ०.०७, तर अमेरिकेतील तुलनेच्या गटात ०.११ होती. ई-४ आणि आजार यांच्या संबंधाची तीव्रता मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

त्यानंतरचे मोठे काम मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालील भारतातील वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासातून उभे राहिले. २०१७-१८ मधील त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. त्याला जोडून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व अन्य संस्थांच्या सहकार्याने ६० वर्षांवरील ४,०९६ व्यक्तींची स्मृती व बुद्धी यांची सखोल तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध अंदाजानुसार ६० वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रिया व ग्रामीण भागातील लोक यांत हे प्रमाण अधिक आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १.६९ कोटी होईल, असाही अंदाज आहे. बल्लभगडचा आकडा केवळ अल्झायमरचा असून हा सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आहे. शिवाय वयोगट व निकषही भिन्न आहेत. म्हणून दोहोंची सरळ तुलना करून आजार सातपट वाढला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. परीक्षार्थींनी ही दक्षता अवश्य घ्यावी.

याच अभ्यासातील सुमारे २,७०० व्यक्तींच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले आहे. जिनोम इंडिया प्रकल्पातील १०,००० जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. जागतिक जनुकीय अभ्यास आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर आधारलेले होते. त्यामुळे भारतीयांच्या जोखमीचे मोजमाप भारतीय माहितीवर करण्याचे साधन आता कोठे हाती येत आहे.

उपचारांचे यशापयश

लेकॅनेमॅब व डोनानेमॅब या प्रतिपिंड औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही औषधे अमायलॉइडला चिकटतात आणि मायक्रोग्लियांना तो गिळण्यासाठी खूण पटवून देतात. लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला. आजार बरा झाला नाही. मेंदूस सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हा दुष्परिणाम ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत अधिक आढळला. म्हणजे ज्यांना जोखीम जास्त, त्यांनाच उपचाराचा धोकाही जास्त. ट्रेम-२ ला उत्तेजन देणाऱ्या एका प्रतिपिंडाची दुसऱ्या टप्प्यातील चाचणी २०२४ च्या अखेरीस अपयशी ठरली. कामगाराला केवळ हाक मारून भागत नाही. हाक केव्हा मारावयाची, हेही समजावे लागते.

तपासणी कोणाची, तयारी कशाची?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. सिकलसेलची सार्वत्रिक तपासणी योग्य आहे, कारण तिच्या निकालावर निश्चित कृती करता येते. एपीओईच्या सार्वत्रिक तपासणीने तसे काही साधत नाही. २०२४ मधील एका अभ्यासात ई-४ च्या दोन प्रती असणाऱ्या जवळजवळ सर्वांमध्ये ६५ व्या वर्षापर्यंत अमायलॉइडच्या खुणा आढळल्या, ही बाब गंभीर आहे. परंतु तो अभ्यासही प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरील होता आणि लक्षणे नेमकी केव्हा दिसतील, हे त्यावरून सांगता येत नाही. अहवालातील 'ई-४' हे अक्षर पाहून एखादे कुटुंब खचले, विवाह मोडला, किंवा घरातील आजी-आजोबांचे साधे विसरणेही रोग ठरले, तर ती हानी खरी असेल. समुपदेशनाची व्यवस्था नसताना तपासणीचा प्रसार करणे योग्य नव्हे. कमी वयात आजार होणाऱ्या कुटुंबांत आणि प्रतिपिंड औषध सुरू करण्यापूर्वी मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्याने जनुकीय तपासणीचा उपयोग आहे.

याउलट, जनुक न पाहताही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले आहेत. कमी शिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याला इजा, एकाकीपणा, प्रदूषित हवा आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष हे त्यांपैकी काही होत. हे सर्व घटक दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा आयोगाचा अंदाज आहे. मुलींचे शालेय शिक्षण, ग्रामीण भागातील रक्तदाबाची नियमित तपासणी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व श्रवणयंत्राची उपलब्धता हे सर्व या दृष्टीने मेंदूच्या आरोग्याचेच कार्यक्रम ठरतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्ती १०.३८ कोटी होत्या. २०५० पर्यंत त्यांचे लोकसंख्येतील प्रमाण २०.८ टक्के होईल, असे संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून अमलात आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे. जिल्हा रुग्णालयात स्मृतीच्या तपासणीची सोय, मराठी, हिंदी, गोंडी यांसारख्या भाषांतील आणि निरक्षरांनाही लागू पडतील अशा चाचण्या, आणि रुग्णाची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना आधार या तीन गोष्टींची जोड या व्यवस्थेला मिळणे आवश्यक आहे. सेवेचा भार आज बहुतांशी घरातील स्त्रियांवरच पडतो, हे धोरण आखताना विसरता येणार नाही.

मेंदूच्या सफाईचे काम बिघडण्यास जनुके जबाबदार असू शकतात. परंतु कचरा किती साचावा आणि कामगारांना किती बळ मिळावे, हे शिक्षण, आहार, रक्तदाब व हवा यांवरही अवलंबून असते. जनुक बदलणे आज कोणाच्या हाती नाही. उरलेल्या गोष्टी मात्र शासन, समाज आणि कुटुंब यांच्या हाती आहेत, आणि त्यांची सुरुवात म्हातारपणाची वाट न पाहता शाळेच्या वयापासूनच करावयाची आहे.